पिना कोणत्या बाजूला होत्या

लिहिणं हे माझं काम नव्हे, म्हणून आधीच माफी मागतो. सहायक फौजदार म्हणून निवृत्त झालो आणि आता बी.ए.च्या पहिल्या वर्षाला बसतो. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेला मीच पहिला. जबाब पुष्कळ लिहिले, पण ते दुसऱ्यांचे. तरी मारुंजीतल्या त्या दोन भावांची केस मनातून जात नाही, म्हणून हे धाडस.

सकाळी रुग्णालयातून ठाण्यात वर्दी आली. भाड्याच्या खोलीत एका तरुणाला विजेचा धक्का बसलाय, बेशुद्ध आहे. स्टेशन डायरीला नोंद करून निघणार तोच घरमालक स्वतः आला. गावातला जुना माणूस. म्हणाला, "सायेब, ह्यो अपघात न्हाई. थोरला भाऊ दर गुरुवारी येतो, वर कायतरी शिजवत्यात, आन् काल दोघांची लई जुंपली व्हती."

धाकटा हिंजवडीत कॉम्प्युटरवर, थोरला चाकणच्या कंपनीत फिटर. दोघं बीडकडचे. पंचनाम्यात स्टीलचं मोठं पिंप मिळालं, त्याला पाणी तापवायची कॉइल बसवलेली, तळाशी भरडलेलं धान्य, आणि सगळ्या खोलीत आंबूस वास. थोरल्याला कंपनीतून बोलावून घेतलं. तो म्हणाला, अंघोळीचं पाणी तापवतो. त्यात भरडलेलं धान्य कशाला, असं विचारल्यावर पुन्हा तेच, अंघोळीचं पाणी. भांडण कशावरून, तेही सांगेना. खोटं बोलणारा माणूस गुन्हा लपवतो, असा माझा तोवरचा अनुभव. म्हणून मी त्याच्याकडेच बोट दाखवत होतो.

आवाज चढवून काही निघालं नाही. चहा समोर ठेवून नुसता बसून राहिलो, तेव्हा तो बोलला.

"त्याला घरी बिअर करायचा नाद लागलाय, साहेब. परवाना नाही. बंद कर म्हणालो, त्यावरूनच भांडलो. दारूची केस झाली तर नोकरी जाईल त्याची. खुर्चीवरची नोकरी आमच्यात त्याचीच पहिली."

"मग दर गुरुवारी त्याच्या मदतीला का यायचास?"

"तो उघड्या वायरी पिळून टेप गुंडाळायचा. मला भीती वाटली. म्हणून भंगारातून कंपनीतला जाड निळा प्लग आणि सॉकेट आणून मीच बसवलं."

दुसऱ्या दिवशी विद्युत निरीक्षक आले. जप्त केलेलं पिंप फिरवून त्यांनी विचारलं, "भोकाचं सॉकेट पिंपाला आणि पिनांचा प्लग भिंतीकडून येणाऱ्या वायरीला? हे उलटं आहे."

मला काही कळेना. जोडल्यावर सगळं सारखंच की. त्यांनी समजावलं, वीज येते त्या टोकाला भोकंच हवीत, म्हणजे जोड सुटला तरी बोट आत जात नाही. इथं बटण चालू ठेवून पिंप धुवायला प्लग ओढला, तर जिवंत पिना ओल्या हातात. थोरल्याने असं का केलं? सॉकेटला पत्रा आणि रबर होतं, ते पिंपावर घट्ट बसलं. फिटरला भीती पाण्याच्या गळतीची.

पण धक्का बसताच वीज तोडणारा स्विच का पडला नाही? निरीक्षकांनी घरमालकाकडे जाऊन मीटरची पेटी उघडली. तो स्विच टाळून वायर थेट जोडलेली. घरमालक खाली बघून म्हणाला, "सारखा पडायचा, सायेब. भाडेकरू बोंबलायचे. म्हून आमीच जोडली."

खबर देणारा तोच. आता आरोपी म्हणून नाव कुणाचं लिहायचं? काळजीनं बसवलेल्या वस्तूला निष्काळजीपणा कसं म्हणायचं? मी गोंधळलो होतो, आजही आहे. शिकलो ते एवढंच: पिना भांड्याकडे, भोकं विजेकडे, हात लावण्याआधी बटण बंद. आणि खोटं बोलणारा दर वेळी गुन्हाच लपवतो असं नाही.

थोरला ठाण्याच्या बाकावरून हलत नव्हता. रुग्णालयात जायची हिंमत होत नाही म्हणाला. दुपारी तिथल्या आमच्या हवालदाराचा फोन आला. धाकटा शुद्धीवर आला होता, आणि डॉक्टरांसमोर जबाबात एकच सांगत होता: "प्लग मीच बसवला. दादाचा हातसुद्धा लागलेला नाही."