भूपातली जांभई

दारव्ह्यात मी गाणं शिकवतो असं लोक म्हणतात. खरं तर मी दहावीचे वाढीव गुण शिकवतो. शास्त्रीय गायनाची परीक्षा पास झाली की दहावीत गुण वाढतात, हे ज्यानं काढलं त्याला माझा दंडवत. त्याच्यामुळेच माझा क्लास भरतो. पालक पहिलंच विचारतात, "सर, किती राग केले की गुण भेटते?" जसं काही राग सोयाबीनसारखा पोत्यानं मोजायचा!

मीही काही कमी नव्हतो. वर्षानुवर्षं तोच भूप, तेच आलाप, त्याच ताना. शेवटी कंटाळून मोबाइलवर एकदाच गाऊन ठेवलं आणि ग्रुपवर टाकून दिलं. "जसंच्या तसं पाठ करा," एवढं बजावलं की माझं शिकवणं संपलं. पोरं मोबाइल कानाला लावून घोकायची, मी खुर्चीत पेंगायचो. या परीक्षेनंतर क्लासला कायमचं कुलूप, हे मनाशी पक्कं केलं होतं. बायको म्हणायची, "तुम्ही तं घरात गुणगुणणंही सोडलं. बरं नाही काय?" मी म्हणायचो, "वय झालं." साफ खोटं. मला गाण्याचाच वीट आला होता, आणि त्याची भीती वाटत होती.

परीक्षेच्या दिवशी मी दाराबाहेर उभा होतो. पहिल्या मुलानं भूप सुरू केला. तिसऱ्या आलापात वरच्या 'सा'वर गेला आणि तिथून तोंड वासून 'आऽऽ' करत धाडकन खाली घसरला. मला काही कळेना. दुसऱ्यानं तेच केलं. मग एक मुलगी आली, तिनंही तेच, त्याच जागी. परीक्षकांनी हात वर करून तिला थांबवलं.

"बाळ, ही जागा कोणत्या घराण्याची?"

"आमच्या सरांची," ती ताठ मानेनं म्हणाली.

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. रेकॉर्डिंग करताना मी तिथं जांभई दिली होती. अरे देवा! अख्ख्या क्लासनं माझी जांभई पाठ केली होती, आणि सुरात बसवली होती लेकाच्यांनी.

सगळे पास झाले. पालकांनी पेढे आणले. जांभईबद्दल कुणी अवाक्षर काढलं नाही. गुण मिळाले ना, झालं! मला मात्र तो पेढा गिळवेना. एवढी वर्षं शिकवून मागे काय ठेवलं, तर जांभई.

कुलूप लावायच्या आधी एकदा तरी नीट गावं म्हणून सोमवारी सगळ्यांचे मोबाइल पिशव्यांत ठेवायला लावले आणि भूप गायलो. आलाप मोजले नाहीत, घड्याळ पाहिलं नाही. दोन पालकांनी दारातून विचारलं, "हे असं पुढच्या परीक्षेत येते काय?" "नाही येत," म्हटल्यावर पोरं उठवून घेऊन गेले. जा म्हटलं खुशाल! घसा पार सुकला होता, पण कित्येक दिवसांनी मला बरं वाटत होतं.

ती ताठ मानेची मुलगी बसून होती. म्हणाली, "सर, आज तुमाले जांभई नाही आली."

मी चपापलो. "म्हणजे तुले माहीत होतं? मंग परीक्षेत काहून गायली?"

"सगळ्याइलेच माहीत होतं. तुम्हीच तं म्हणलं होतं, जसंच्या तसं."

"चल, सा लाव," मी म्हटलं. आणि तिच्याआधी मीच लावला.