चौथी अट

वाडी सार्वजनिक बागेसाठी देताना आत्याने चार अटी सांगितल्या होत्या. कागदावर मी तीनच उतरवल्या.

ही दोन हजारनंतरच्या पहिल्या काही वर्षांतली गोष्ट. धामणकर नाक्याच्या अलीकडे, आत्याच्या घरामागे, तिच्या सासऱ्यांनी लावलेली आंब्या-चिंचांची वाडी होती. तिकडे काल्हेरला शेतांची गोदामं होत चालली होती आणि इकडे आत्याच्या ओट्याखाली रोज नव्या बिल्डरच्या चपला दिसायच्या. नवरा गेलेला, मूलबाळ नाही. ती प्रत्येकाला चहा पाजायची आणि वाटाण्याच्या अक्षता लावायची. एक दिवस म्हणाली, वाडी गावाला देणार. माझे वडील, म्हणजे तिचे सख्खे भाऊ, महिनाभर तिच्याशी बोलले नाहीत. मला मात्र तिचा अभिमान वाटला, आणि कागद लिहायला तिने मलाच बोलावलं याचा त्याहून जास्त.

मी शाळेत मराठी शिकवायचे. आत्याला अक्षरओळख नव्हती. ती सांगत गेली, मी सुवाच्य अक्षरात लिहीत गेले. झाडं तोडायची नाहीत. आत इमारत बांधायची नाही. पाटीवर सासऱ्यांचं नाव हवं. मग ती म्हणाली, "आनि दुपारचा फाटक लावाचा न्हाय. येवरा लिव."

मला हसू आलं. वाडीला फाटक नव्हतंच, कुंपणात माणूस जाईल एवढं खिंडार होतं. दुपारी लोडशेडिंग झालं की आसपासचे कापडाचे लूम थांबायचे, पत्र्याच्या कारखान्यांची भट्टी व्हायची आणि कारागीर त्या खिंडारातून येऊन आंब्याखाली आडवे व्हायचे. आत्या त्यांच्यासाठी माठ भरून ठेवायची. तिला हिंदी येत नव्हती, त्यांना आमची बोली कळत नव्हती. "पानी उधर हाय," एवढ्यावर कितीतरी वर्षं निघाली.

पण एवढ्या मोठ्या दानाच्या कागदात फाटकाचं काय लिहायचं? मला ते शोभेसं वाटलं नाही. अति शहाणा त्याचा बैल रिकामा, तशी मी. वाक्य गाळलं, आणि वाद नको म्हणून वाचून दाखवताना ते तोंडी घातलं. आत्याने समाधानाने अंगठा उठवला. वकिलाने त्याच कागदावरून पुढचं सगळं केलं.

बाग झाली. फरशीच्या वाटा, बाकडी, सासऱ्यांच्या नावाची पाटी आणि लोखंडी फाटक. सकाळी दहाला बंद, संध्याकाळी चारला उघडणार. पहिल्याच दुपारी कारागीर बाहेर भिंतीच्या वीतभर सावलीत ओळीने बसले होते. एकाने आत्याला विचारलं, "माँजी, हमसे कुछ गलती हुई क्या?"

आत्या तरातरा माझ्याकडे आली. "माज्या कागदान लिवलाय. चल, त्यांना दाखवू."

रिक्षात दहा मिनिटं होती. तेवढ्यात सांगता आलं असतं. मी बाहेरचे ट्रक बघत बसले.

पालिकेच्या कचेरीतला कारकून भला माणूस होता. त्याने फाईल काढली आणि सगळं मोठ्याने वाचलं. एक, दोन, तीन. कागद उलटून मागची बाजूही बघितली. "मावशी, यात फाटकाचं काही नाही हो."

आत्याने माझ्याकडे बघितलं. मी मान खाली घातली. तेवढ्यात तिला सगळं कळलं असणार.

"मंग मीच सांगाला इसरली आसंन," ती कारकुनाला म्हणाली. "म्हातारी झाली ना आता."

दुसऱ्या दिवशी तिने माठ घराच्या ओट्यावर आणून ठेवला आणि पडवीचं दार उघडं टाकलं. दहा-बारा माणसं मावायची, बाकीची भिंतीशीच बसायची. मी पुढे अर्जांवर अर्ज केले. बाग दुपारची बंदच राहिली. आत्या मला एका शब्दाने बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

कचेरीतल्या त्या दिवसापासून मी तिच्याकडे जायचं टाळू लागले. पंधरा-वीस दिवसांनी तिनेच निरोप धाडला. कुणाचीतरी लग्नपत्रिका आली होती. शेजारी वाचणारे चिक्कार होते, तरी तिने ती माझ्यासाठी ठेवली होती. समोर पाट सरकवला, पत्रिका माझ्या हातात दिली आणि म्हणाली, "वाच गो पोरी."

मी वरच्या गणपतीच्या नावापासून तळाच्या छापखान्याच्या पत्त्यापर्यंत, एक अक्षर न गाळता, सगळी वाचली.