मागच्या सीटचे शॉकअप

एखादी वस्तू विकत घ्यायला माणसाने किती वेळ लावावा याला जगात काही मर्यादा असेलच, पण आमच्या वरच्या मजल्यावर राहणाऱ्या सरांना ती कुणी सांगितलेली नव्हती. सरांची सारी हयात भूमिती शिकवण्यात गेली. काचीगुड्याच्या बाजारात ते दुधी घेत, तोही डोळ्यांसमोर आडवा धरून, एक डोळा मिटून. चष्म्याची काडी तुटली तेव्हा नवी निवडायला त्यांना अख्खा उन्हाळा लागला; तोवर कानाला दोरा होता. "सिद्ध झाल्याशिवाय घ्यायचं कसं?" असं ते इतक्या गंभीरपणे विचारत, की दुकानदारालाच आपल्या मालाची शंका येई.

त्यांच्याकडे एक जुनी मोटारसायकल होती. तिच्यावरून ते दर रविवारी कोठीच्या बाजारात जुनी पुस्तकं बघायला जात आणि मागे त्यांचे दोस्त बसत. हे दोस्त त्याच शाळेत उर्दू शिकवायचे. आम्ही सगळे त्यांना उस्ताद म्हणायचो. ते सरांना 'पंडत' म्हणत आणि सर त्यांना 'मियाँ'. उस्ताद अंगाने भारी आणि बोलायला मोकळे. सर काटकुळे आणि मोजकं बोलणारे. कोठीहून येताना दोघांत मिळून एखादंच पुस्तक असे, पण त्यावरचं बोलणं आठवडाभर पुरे.

एका रविवारी गाडी खड्ड्यात गेली. मागच्या चाकाचे धक्के झेलणारे दोन्ही शॉकअप तेल गळून कधीचे निकामी झाले होते. सगळा दणका उस्तादांच्या कमरेत गेला आणि ते पंधरा दिवस अंथरुणाला खिळले. सर भेटायला गेले, तेव्हा मी बरोबर होतो. उस्ताद पडल्या पडल्या म्हणाले, "पंडत, तुमारी गाडी पे बैठना मतलब हड्डियाँ गिन के बैठना." उस्ताद हसले, मीही हसलो. सर हसले नाहीत. घरी आल्यावर त्यांनी गाडीवर जुनी चादर टाकली आणि म्हणाले, "चांगले शॉकअप मिळेपर्यंत मीही बसणार नाही."

आणि शोध सुरू झाला. दर रविवारी सर गौलीगुड्याच्या स्पेअर पार्टच्या दुकानांत चालत जात. डॉक्टरांनी सावकाश चालायला सांगितलेलं, म्हणून बरं वाटू लागताच उस्तादही त्यांच्याबरोबर निघाले. सर खिशातून कंपास काढून शॉकअपच्या दोन भोकांमधलं अंतर मोजत. लांबी जास्त असली तर गाडी मागून उचलली जाईल, कमी असली तर चाक मडगार्डला घासेल, हे ते दुकानदाराला फळ्यावर शिकवल्यासारखं समजावत. मग दोन्ही हातांनी स्प्रिंग दाबून बघत आणि ती जराही हलत नसे. एकदा त्यांनी उस्तादांना धान्याच्या दुकानातल्या काट्यावर उभं केलं, वजन चिठ्ठीवर लिहून घेतलं आणि ती चिठ्ठी दुकानोदुकानी दाखवली. एक दुकानदार वैतागून म्हणाला, "साब, शॉक ले रए या लडकी का रिश्ता देख रए?" सर शांतपणे म्हणाले, "बैठनेवाला एकीच है, भाई. दूसरा नहीं मिलता."

माझी मुलगी मोबाइलवर शोधून म्हणाली, "आजोबा, हे मागवा ना, रिव्ह्यू मस्त आहेत." सरांनी चष्मा वर करून बघितलं. "मस्त म्हणणाऱ्याच्या मागे कोण बसलं होतं, ते लिहिलंय का?" मुलीने मोबाइल गुपचूप खिशात टाकला.

असे पाच-सहा महिने गेले. एका संध्याकाळी उस्ताद आमच्या ओट्यावर टेकले आणि वरच्या खिडकीकडे बघत हळूच म्हणाले, "कमर तो मेरी कब की अच्छी हो गई. पंडत कू बोलना नक्को. शॉक मिल गए तो इतवार कू मेरेकू पैदल कौन घुमाता?"

त्यानंतर थोड्याच दिवसांत उस्तादांच्या मुलीने त्यांना कायमचं बिदरला बोलावून घेतलं. घरात एकटे राहू नका, असं तिचं म्हणणं होतं आणि ते खोटं नव्हतं. सरांना कळलं त्या सकाळी ते एकटेच गौलीगुड्याला गेले आणि दुपारच्या जेवणाआधी शॉकअपची जोडी घेऊन परतले. कोणती घेतली, का घेतली, काही सांगितलं नाही. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांनी काही सिद्ध न करता विकत घेतलं असावं. मेकॅनिकने जोडी बसवली, सरांनी स्वतः नट तपासले. जायच्या दिवशी सामान जावयाबरोबर टॅक्सीने गेलं आणि उस्ताद मोटारसायकलवर बसून नामपल्ली स्टेशनला. मी माझ्या स्कूटरवर मागे होतो. इतकी हळू चाललेली मोटारसायकल मी पाहिलेली नाही. सायकलवाले पुढे जात होते.

स्टेशनवर उतरून उस्तादांनी कमरेवर हात ठेवला, सरांकडे बघितलं आणि म्हणाले, "ऐसा लगा, घर के तख्त पे बैठ के आया." सर म्हणाले, "मग झालं." गाडी सुटेपर्यंत दोघं रेल्वेच्या वेळापत्रकावर बोलत राहिले.

पुढच्या रविवारी सरांनी आमच्या ओट्यापाशी येऊन मला हाक मारली. "येता का कोठीला?" मी मागे बसलो. वाटेत ते नेहमीसारखे मोजकं बोलत होते, मराठीत. पुतळीबावलीच्या वळणावर मोठा खड्डा आला. सरांनी वेग कमी केला, मान जराशी मागे वळवली आणि अगदी हळू म्हणाले, "संभल के, मियाँ."

माझ्या कमरेला काहीच झालेलं नव्हतं. मी मागची दांडी घट्ट धरली आणि म्हणालो, "हौ."