लाल गाडीचं ॲव्हरेज

मेहकरला पेट्रोल पंपासमोर माझं ऑइलचं दुकान आहे. डोणगावकडचं एक जोडपं तिथे लाल टर्बो गाडी घेऊन यायचं. नाव मी कधी विचारलं नाही. माणूस साठीचा, गाडी मात्र कॉलेजच्या पोराला शोभणारी. टाकी फुल करताना तो एका बाजूने आणि बायको दुसऱ्या बाजूने गाडी गदागदा हलवायचे. आतली हवा निघून पेट्रोल गळ्यापर्यंत बसलं तरच ॲव्हरेज खरं कळतं, असं त्याचं म्हणणं.

"किती देते?" मी एकदा विचारलं.

"एकटा असलो तं चौदा. हे बाजूले बसली का अठरा," बायकोकडे मान उडवत तो म्हणाला. "एकशेवीस घोडे हायेत आत, अन् हे मले बैलगाडी हाकाले लावते. सारखं हळू, हळू!"

"जाचं कोठी हाय तुमाले? डोणगावलेच ना?" ती म्हणाली, आणि दोघंही हसले.

यंदा दिवाळीनंतर तो एकटाच आला. बायको वारल्याचं पंपावरच्या माणसाकडून कळलं होतं. तो एका बाजूने गाडी हलवत होता. मी रस्ता ओलांडून दुसरी बाजू धरली. मग ॲव्हरेजच विचारलं.

त्याने टाकीचं झाकण घट्ट फिरवलं.

"अठराच. आता कोनी टोकत नाही, रस्ताही मोकळा असते. पन पायच दबत नाही, भाऊ."

गाडी डोणगावच्या रस्त्याला लागली. मागून आलेली, प्रवाशांनी खच्चून भरलेली काळीपिवळी जीप तिला सहज ओलांडून गेली.