दादाच्या हातच्या तिखट शेवया
लसूण तेलात करपला की मला आमचं माधवनगरचं स्वयंपाकघर आठवतं आणि अजून तितकाच राग येतो. सत्तरच्या दशकातली गोष्ट. बोटीवर नोकरीला असलेला दादा इंडोनेशियाहून काकवीसारख्या दाट, गोडसर काळ्या सॉसची बाटली घेऊन आला होता. "तिकडच्यासारख्या परतलेल्या नूडल्स आज मी करणार," म्हणाला. नूडल्स आणायच्या कुठून? त्यानं सरळ फळीवरचा शेवयांचा डबा काढला. उन्हाळ्यात आईनं आणि मी बोटं दुखेपर्यंत पाटावर वळलेल्या, बाजेवर वाळवलेल्या, पाव्हण्यांच्या खिरीसाठी राखलेल्या शेवया! कांदा, लसूण, कोबी, मिरच्या मी चिरल्या, शेवया आईनं उकडून निथळवल्या. दादानं उलथनं फिरवलं आणि वरून सॉस ओतला, एवढंच. आमच्या खिरीला कधी चांगलं न म्हणणारे वडील बोटं चाटत म्हणाले, "लय भारी रं! पोराच्या हाताला चव हाय." मला राहवलं नाही. "आबा, शेवया आमी केल्यात," मी म्हणाले. "व्हय, पण असं कराय तुमाला कवा सुचलं का?" म्हणत ते हसले. दादा हात धुऊन बाजेवर आडवा झाला आणि बुडाला लागलेली कढई मी राखेनं घासत बसले. परवा माझ्या नातवानं नूडल्स केल्या. घरभर कौतुक झालं आणि सून कढई उचलायला वाकली. मी ती तिच्या हातातून काढून नातवापुढं ठेवली. म्हटलं, "बाळा, तुझा सैपाक अजून संपला न्हाई."