चव न घेता रांधणारी महादेवी

२०२२ साल होतं आणि मला एकाहत्तरावं लागलं होतं. त्या वर्षी माझ्याच घरात, माझ्याच गॅसवर एक पोरगी रोज संध्याकाळी कोंबडी शिजवायची आणि तिची चव कधीच घ्यायची नाही. चमचा ओठाला लावायचा नाही, बोट चाटायचं नाही. पातेल्यावर वाकून वास घ्यायची, छातीवर लावलेल्या घड्याळात बघायची आणि म्हणायची, "आयितु!" म्हणजे कानडीत झालं. चाळीस वर्षं मी जत्रेच्या जेवणाला मटण केलं. हजार हजार माणसांचा रस्सा उतरवला. पण चव न बघता रांधणारं माणूस मी तोवर पाहिलं नव्हतं, आणि खोटं कशाला बोलू, मला ते बघवलंही नाही.

तिचं नाव महादेवी. अक्कलकोटच्या पलीकडं, सरहद्दीजवळच्या गावची. आमच्या इथल्या सात रस्ता चौकाजवळच्या एका दवाखान्यात नर्स होती आणि आमच्या माडीवरच्या खोलीत राहायची. लिंगायत घरची पोर. गळ्यात लिंग, पहाटे अंघोळ, पूजा, कपाळाला विभूती आणि मग पांढरा ड्रेस. तिशी ओलांडलेली, अंगानं काटकुळी, पण आवाज असा की माडीवरनं बोलली तर नळावरच्या बायका वर बघायच्या. मला अज्जा म्हणायची, म्हणजे आजोबा, आणि माझ्या बायकोला अव्वा, म्हणजे आई. तिचं मराठी आमच्याहून निराळं. बायकांविषयी बोलतानाही "अव्वा झोपला काय?" असं विचारायची. पहिल्यांदा आम्ही हसलो. मग सुभद्रा, म्हणजे माझी बायको, स्वतःच म्हणायला लागली, "व्हय, अव्वा झोपला हुता."

सुभद्राच्या गालात गाठ निघाली ती मिश्रीपायी. कॅन्सर म्हणून दवाखान्यात लाईटचे शेक दिले. गाठ बसली, पण तोंड आतनं सोललं. पाणी गिळतानाही तिच्या डोळ्यांत पाणी यायचं. मी आचारी माणूस, म्हटलं मी खायला घालतो हिला. अळणी रस्सा केला. पण माझ्या बिनतिखटाच्या अळणीतही आल्याचा तुकडा असतो, मिरी असते. त्याशिवाय ती माझी अळणीच नाही. तिनं एक घोट घेतला आणि वाटी बाजूला सारली. खिमट केलं, पेज केली, तेही नको. अंगावरचं लुगडं ढिलं पडायला लागलं. डॉक्टर म्हणाले, वजन असंच उतरलं तर नाकातून नळी घालून पोटात दूध सोडावं लागेल. घरी येताना रिक्षात सुभद्रा माझा हात धरून म्हणाली, "नळी नगं. काय बी करा, पर नळी नगं."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी महादेवी ड्युटीवरून आली ती तडक आमच्या दारात. एका हातात पिशवी. दुसऱ्या हातात स्टीलचा डबा, तोही साप धरावा तसा अंगापासून लांब धरलेला.

"अज्जा, मोठं पातेलं द्या. हे वर माझ्या खोलीत नको, देव हाय तिथं."

डब्यात कोंबडीचा खिमा होता. मी म्हटलं, "तू शिजवणार? अगं, तुमच्यात तर अंडं बी चालत न्हाई."

"मी कुठं खाणार हाय? शिजवायला काय होतंय? वॉर्डात मी काय काय धुती, ते काय घरी आणून खाती काय?"

मी पातेलं काढून दिलं.

पातेल्यात तिनं लोणी टाकलं, खिमा परतला. गाजर, मटार, फरसबी अगदी बारीक चिरून घातली. मग पिशवीतून एक पाकीट काढलं. आत छोट्या शंखांसारखं पिठाचं काहीतरी होतं. पास्ता म्हणाली. तो तसाच कोरडा पातेल्यात ओतला, वर पाणी, दूध, नखावर मावेल एवढं मीठ, आणि झाकण. दुसरं भांडं नाही, वाटण नाही, फोडणी नाही. शेवटी क्रीमचा एक डबा उलटा केला आणि पळीनं सगळं मऊ चेचलं. पांढरं, जाड, लापशीसारखं झालं. वीस मिनिटंही लागली नाहीत. आमच्यात वीस मिनिटांत चूल धड पेटत नाही.

मी म्हटलं, "ह्याला जेवण म्हणायचं का?"

"पेशंटला विचारायचं, अज्जा. पाहुण्याला विचारायचं न्हाई." हे तिचं नेहमीचं बोलणं होतं. वॉर्डात कुणी नातेवाईक फार बोलायला लागला की त्यालाही ती हेच ऐकवायची म्हणे.

सुभद्रानं पहिला चमचा जिभेवर बराच वेळ धरला. आम्ही दोघं तिच्या गळ्याकडं बघत उभे. गिळलं. तोंड वाकडं झालं नाही. मग तिनं स्वतःच्या हातानं दुसरा चमचा भरला. महादेवी टाळी वाजवून ओरडली, "अव्वा खाल्ला बघा!" मग वर जाऊन तिनं दुसऱ्यांदा अंघोळ केली. रोज करायची. तिच्या आईचा फोन यायचा, आज काय रांधलंस म्हणून. ही जिन्यात उभी राहून सांगायची, अन्न सारू, म्हणजे भात आणि आमटी. आईशी खोटं बोलताना ती एका हातानं गळ्यातलं लिंग धरून ठेवायची. ते मी खालून पाहिलंय.

नऊ दिवस असं चाललं. सुभद्रा अर्ध्या वाटीवरून पाऊण वाटीवर आली. एके दिवशी वाटी पुसून म्हणाली, "ग्वाड लागतंय गं पोरी." एवढंच म्हणाली. पण मला ते लागलं. पन्नास वर्षांत माझ्या हातचं खाऊन ती मला असं कधी म्हणाली नव्हती. मी तिला कधी विचारलंही नव्हतं, हेही तितकंच खरं. गावोगावची माणसं माझ्या रश्श्याचं नाव काढायची, आणि माझी बायको न चाखता केलेल्या पांढऱ्या चिकटाला ग्वाड म्हणत होती.

आमच्या जत्रेच्या स्वयंपाकात एक रीत आहे. सात-आठ पातेली एका ओळीत उकळतात, प्रत्येकावर निराळा गडी असतो. पण शेवटी वस्तादानं प्रत्येक झाकण उघडून आपल्या हातानं काळ्या मसाल्याची एक चिमूट टाकायची. तोवर पंगत बसत नाही. लोक विचारतात, वस्तादांचा हात लागला का? मी चाळीस वर्षं वस्ताद होतो. उघडं पातेलं दिसलं की माझी बोटं आपोआप जुळतात. पण त्या दिवशी जे झालं ते सवयीनं झालं असं मी लिहिणार नाही.

दहावा दिवस. पातेलं उतरवून महादेवी आत सुभद्राचा ताप बघायला गेली. मी स्वयंपाकघरात एकटा. मसाल्याचा डबा हाताशी. मी चिमूट घेतली आणि टाकली. पांढऱ्यावर काळे ठिपके दिसले. ते दिसू नयेत म्हणून मी पळी घेऊन चांगलं घोटलं. सवय चिमटीपर्यंत असते. घोटलं ते मी समजून-उमजून. मनात एवढंच होतं, की आज सुभद्राला कळू दे चव कशाला म्हणतात.

सुभद्रानं चमचा तोंडात घेतला आणि तिचे डोळे मोठे झाले. ओरडताही येईना. वाटी सांडली. तोंडातून लाळ आली, तिच्यात रक्त होतं. महादेवीनं तिला पुढं वाकवलं, गार दूध लावलं, कापसानं पुसलं, पाठीवर हात फिरवत कानडीत काहीबाही बोलत राहिली. आवाज ऐकून शेजारच्या दोघी जावा दारात आल्या. त्यातली थोरली म्हणाली, "काय झालं वो? काय घातलं हिला?"

सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं. आणि मी महादेवीवर ओरडलो.

"चव न घेता शिजवतीस, मग असंच हुनार! लोकाच्या जिवाशी खेळ हाय का ह्यो? जरा बघून करत जावं!"

तिनं पातेल्याचा वास घेतला. वास मसाल्याचा होता, तिला कळलं. पण माझ्यावर संशय घेणं तिच्या मनातच आलं नाही. ती म्हणाली, "तुमच्या मसाल्याच्या डब्यातला चमचा घेतला असंल मी, अज्जा. चुकलं माझं." आणि त्या जावांच्या देखत वाकून माझ्या पायाला हात लावला. मी पाय मागं घेतला नाही.

त्यानंतर सुभद्रानं तोंड मिटलं ते मिटलंच. दिवसाला दोन घोट दूध, बाकी काही नाही. महादेवी रोज येऊन ताप बघायची, तोंडाला औषध लावायची, पण स्वयंपाकघराचा उंबरा ओलांडायची नाही. "आता माझ्या हातावर माझाच विश्वास न्हाई," म्हणायची. एकदा नवे चमचे आणून दारात ठेवून गेली. चौथ्या दिवशी, रविवारी, तिनं वजन केलं आणि खाली बघत म्हणाली, "उद्या अकराला डॉक्टरांनी बोलावलंय. अव्वा काही खाल्ला न्हाई तर उद्याच नळी घालतील."

ती वर गेली. दिवेलागण झाली होती. मी सुभद्राजवळ बसलो. तिला बोलायला त्रास व्हायचा, एकेक शब्द तोडून बोलायची.

"मसाला तुमचा हुता."

मी तिच्या अंगावरचं पांघरूण सारखं करायला लागलो.

"जल्मभर खाल्लाय. मला कळंना व्हय?"

"मग तवाच का बोलली न्हाईस?"

"मला वाटलं, आता सांगत्याल. मग वाटलं, उद्या सांगत्याल." मग म्हणाली, "त्या पोरीला बोल लावायचा आन् आपण खुशाल खायाचं व्हय? मला न्हाय जमत."

म्हणजे चार दिवस ती नुसती तोंडाच्या आगीनं उपाशी नव्हती. लाज मी धरायला पाहिजे होती, ती तिनं माझ्या वाटची धरली होती आणि वर नळीला तयार झाली होती.

महादेवी आता इथं नाही. पुढच्या वर्षी तिला गुलबर्ग्याकडं नोकरी लागली, ट्रंक घेऊन गेली. सणाला फोन करते, अजूनही मला अज्जाच म्हणते. तिच्याविषयी कुणी विचारलं तर मी सांगतो, लई हुशार, लई कष्टाळू. लोक माना हलवतात. माणूस कसं आहे हे मला कधी आणि कशानं कळलं, ते मात्र कुणाला सांगितलं नव्हतं. म्हणून हे लिहिलं.

त्या सोमवारी सकाळी कोंबडीचं दुकान उघडायच्या आधी मी दारात जाऊन उभा होतो. खिमा घेतला. परत आलो आणि माडीचा जिना चढलो. ती राहायला आल्यापासून मी कधी वर गेलो नव्हतो. तिची नुकतीच पूजा आटोपलेली, कपाळावरची विभूती ओली होती. डबा मी खालच्याच पायरीवर ठेवला होता.

म्हटलं, "सिस्टर, मसाला मी टाकला. चमचा-बिमचा काय न्हाय. मी टाकला आन् दिसू नये म्हणून घोटला."

तिनं एका हातानं दाराची चौकट धरली. मग हळूच म्हणाली, "का, अज्जा?"

"तिनं तुझ्या हातचं ग्वाड म्हटलं म्हणून."

ती दाराशी खाली बसली. "चार दिवस वॉर्डात पेशंटला लावायच्या आधी मी धुतलेला चमचा परत धुती," म्हणाली. "मी प्रत्येक वाटीचा दोन-दोनदा वास घेती. बाकीच्या सिस्टर हसतात."

माफ केलं असं ती म्हणाली नाही.  माफी मागणं मलाही कधी जमलंच नव्हतं. मग तीच उठली. "चला. अकराच्या आत झालं पाहिजे."

खाली नळावर त्या दोघी जावा पाणी भरत होत्या. त्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं मी म्हणालो, "त्या दिवशी मसाला म्या घातला हुता. पोरीची काय चूक न्हाई." धाकटीच्या हातातली कळशी भरून वाहायला लागली. मी पुढं झालो.

महादेवी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात उभी राहिली, आत आली नाही. "मी सांगती, तुमी करा." मी गाजर चिरलं. "अजून बारीक." मी अजून बारीक चिरलं. खिमा परतला, शंख ओतले, दूध घातलं. मीठ तिनं लांबूनच दाखवलं, नखावर मावेल एवढंच. मसाल्याचा डबा मी आधीच वरच्या फळीवर टाकला होता. शेवटी क्रीम घालून चेचलं. ती म्हणाली, "आता चव घ्या. मला घेता येत न्हाई, तुमाला येते."

मी चाखलं. दूध, गाजराचा गोडवा, कोंबडी. तिखट काहीच नव्हतं.

वाटी घेऊन सुभद्राच्या पुढं बसलो. चमचा तिच्या ओठाशी नेला तर तिनं मान फिरवली. तेव्हा मी म्हटलं, "पोरीला सांगितलं. त्या दोघींना बी सांगितलं." तिनं दाराकडं बघितलं. महादेवीनं मान हलवली. मग तो चमचा मी सुभद्राच्या डोळ्यांदेखत माझ्या तोंडात घातला, गिळला, आणि दुसरा भरून तिच्यापुढं धरला. तिनं तोंड उघडलं.