दिवाळीपर्यंतचं कॉलेज

हॉस्टेलवर जेवणापेक्षा किस्सेच जास्त शिजतात. त्यातले निम्मे माझ्या नावावर, कारण आमच्या घरात कॉलेजचं तोंड पाहिलेली मीच पहिली. चुका दाखवायला घरी कोणी नव्हतं, म्हणून बिनधास्त केल्या!

*

आर्वीजवळच्या गावातून वर्ध्याला निघताना बाबांनी बजावलं, "दिवाळीपरेंत पाहू. नाई जमलं तं वापस." मला तर काहीही करून बीएस्सी व्हायचं होतं.

सामान बांधायला आईने खोकं की प्लॅस्टिक काही आणू दिलं नाही. लोणच्याची बरणी घरच्या कापसात, ताटं-वाट्या जुन्या लुगड्यांत. गाठोडी बघून एसटीचा कंडक्टर म्हणाला, "सासरी चालली काय वं?" मी म्हटलं, "नाई, कॉलेजात." त्याने मला पुढची सीट दिली.

*

रूममेट श्वेता नागपूरची. तिच्या सामानातून एवढी खोकी आणि थर्माकोल निघालं की पाय ठेवायला जागा नाही. तरी तिचा कप फुटलाच. माझी बरणी शाबूत! पॅकिंगच्या कापसातली सरकी काढून मी उशी भरली, एका लुगड्याचा पडदा केला. आठवड्याने श्वेताच विचारत आली, एखादं लुगडं उरलंय का म्हणून.

*

पहिले चार दिवस मी अकरा ते पाच वर्गातच बसले. शाळेत तसंच असतं ना! तास झाला की सगळे उठून जायचे, मला वाटायचं, काय बेशिस्त पोरं आहेत. शेवटी शिपाईकाका झाडू घेऊन दारात उभे राहिले. "बाई, तुहा क्लास बाराले संपते. तुह्यासाठी मी रोज झाडायले थांबून राह्यलो."

*

पहिल्या परीक्षेत इंग्रजीने मला पार आडवं केलं. घरी बोलले नाही, पण आईने फोनवर आवाजावरूनच ओळखलं. दिवाळीच्या आधीच बाबा दोन रिकामी पोती घेऊन हजर, सामान न्यायला. नेमका तेव्हा वर्गात माझा सेमिनार, कपाशीवरच्या बोंडअळीवर. शिपाईकाकांनी बाबांना शेवटच्या बाकावर नेऊन बसवलं.

इंग्रजीची दोन वाक्यं बोलले आणि अडकले. मग म्हटलं, जायचंच आहे तर नीट बोलून जाऊ. सरांना विचारून सरळ मराठीत सुरू केलं. शेवटी सरांनी विचारलं, हंगाम संपल्यावर ही अळी राहते कुठे? मला काही आठवेना. मागून एक हात वर झाला. बाबांचा.

"कापूस वेचून झाल्यावरबी पऱ्हाटी उभी ठेवली का थे तिथंच राह्यते, सर. म्हणून आमी वेळेवर उपटून टाकतो."

सरांनी आधी टाळ्या वाजवल्या, मग अख्ख्या वर्गाने.

बाहेर आल्यावर मी म्हटलं, सामान बांधते. बाबांनी पोती घडी करून काखेत मारली.

"राहू दे वं. थे सर उद्या किती वाजता शिकवते?"